बाळंतिणीच्या डब्यातली साखर

गेल्या वर्षी मार्गशीर्षात माझी लेक बाळंत झाली. पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी बेळगावला आली होती. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून सुखरूप घरी आले आणि तिसऱ्या दिवशी चिकोडीकडच्या आमच्या गावाहून माझ्या आईचा पितळी डबा आला. डब्यात काय आहे ते उघडायच्या आधीच वासावरून कळलं. डिंकाचे लाडू. माझ्या दोन्ही बाळंतपणांत हाच डबा आला होता, माझ्या बहिणींच्याही.

पण या खेपेला एक अडचण होती. लेकीला सातव्या महिन्यात रक्तात साखर निघाली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, "ही साखर बाळंतपणानंतर बहुतेक उतरते. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सहा ते बारा आठवड्यांच्या आत पुन्हा तपासून घ्या. आणि वरची साखर कमी करा." वरची साखर म्हणजे दुधात, फळात, धान्यात मुळातच असते ती नव्हे, आपण चमच्यानं, पाकानं, गुळाच्या खड्यानं वरून घालतो ती. बिस्किटात आणि डब्यातल्या पावडरीत कारखान्यातच घातलेली असते, तीही.

मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती ऐंशी वर्षांची, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खाऊ दे की तिला. काय होत नाही. बाळंतिणीला गोड द्यायचं नाही तर काय द्यायचं? आपल्यात चालत आलेलं आहे ते."

चालत आलेलं. हा शब्द माझ्या मनात अडकून बसला. कधीपासून चालत आलेलं? कुणी चालवलेलं? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्या इतिहासात बाळंतिणीची खोली कुठं नव्हती. म्हणून लेक आणि नात दोघी झोपल्या की मीच थोडं शोधायला लागले. पुस्तकं चाळली, आईला विचारलं, जुन्या वह्या काढल्या. मैत्रिणींनो, त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात घरातूनच झाली. आईच्या पाककृतींच्या वहीत डिंकाचे लाडू दोन ठिकाणी आहेत. पहिल्या पानावर "सासूबाईंनी सांगितलेले" असं लिहिलंय. खोबरं एक शेर, खारकेची पूड एक शेर, डिंक पावशेर, सुंठ, मेथी, अळीव, पिंपळमूळ, तूप लागेल तसं, आणि शेवटी "गूळ पावशेर, बांधण्यापुरता". वीसेक पानं पुढं गेलं की पुन्हा तेच लाडू. खोबरं एक किलो, खारीक एक किलो, डिंक पाव किलो, आणि "साखर एक किलो, पाक करणे".

या दोन पानांवर तारीख नाही. पण मापं बोलतात. आपल्याकडे मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर-पावशेर जाऊन किलो-ग्रॅम आले. १९६२ पर्यंत बाजारात सगळीकडे तेच सक्तीचं झालं. म्हणजे पहिलं पान शेराच्या काळातलं, माझ्या अज्जीचं. दुसरं किलोच्या काळातलं, आईचं. मी कागदावर हिशेब केला. जुना शेर म्हणजे साधारण नऊशे तीस ग्रॅम. पावशेर गूळ साठ लाडवांत वाटला तर एका लाडवात चार ग्रॅमच्या आतच येतो. आईच्या मापात एका लाडवात पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर. चौपट! लाडू तोच, नाव तेच, "चालत आलेला" म्हणून वाढायचा तोही तसाच. फक्त मधल्या काळात साखर चौपट झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"अज्जीचे लाडू वळायचे तरी कसे?" मी आईला विचारलं. ती हसली. "वळायचे कुठले! तुपाच्या हातानं दाबून दाबून बांधायच्या सासूबाई. निम्मे तर फुटायचे. चुराच खायचो आम्ही वाटीतनं."

मग प्रश्न पडला, ही जास्तीची साखर आली कुठून?

ऊस तर आपल्या भूमीत फार जुना. आपल्याला वेगळं सांगायला नको. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचं वर्षभराचं पारणं हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं दिलेल्या उसाच्या रसानं झालं, आणि अक्षय तृतीया आपण त्या आहारदानाची आठवण म्हणून पाळतो. इक्ष्वाकू या वंशाच्या नावातही इक्षू, म्हणजे ऊस, आहे असं मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात ठेवायच्या वस्तूंत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा असे उसाचे पाच प्रकार पायरीपायरीनं सांगितले आहेत. काकवीसारख्या पातळ पदार्थापासून दाणेदार साखरेपर्यंत. अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस इथं आला तेव्हा मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या वेताचं त्याला नवल वाटलं होतं. आपण मध न खाणारी माणसं, आपल्याला हे वाचून जरा हसूच येतं. इतर घरांत जन्मल्या बाळाच्या जिभेवर मधाचं बोट लावायची रीत होती, आपल्यात ते कधी नव्हतं. आता तर डॉक्टरही सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आपली शर्करा इराणात 'शकर' झाली, अरबांकडे 'सुक्कर', आणि युरोपात पोचता पोचता 'शुगर'. आपल्या खंड शब्दाचं इंग्रजांकडे 'कँडी' झालं. जगाला साखर करायला शिकवणारे आपण, पण ती रोज मुठीनं खाणारे आपण नव्हतो. ऊस पिकवणं, गाळणं, आटवणं यात अपार मेहनत आणि जळण. दाणेदार पांढरी साखर तर फारच थोडी निघायची, आणि म्हणून ती औषधात, नैवेद्यात आणि राजवाड्यात. शब्दच बघा. लग्न ठरलं की आपण 'साखरपुडा' करतो. पुड्यात बांधून द्यावी इतकी ती मोलाची होती. कुणी शुभ बोललं तर "तुझ्या तोंडात साखर पडो" म्हणतो. पोतंभर नव्हे, तोंडात मावेल एवढी चिमूट. आणि मराठेशाहीत राजघराण्यात मुलगा झाला की हत्तीवरून साखर वाटत.

इथं मी जरा थांबले. जन्माशी साखरेचं नातं जुनं आहे खरं, पण ती साखर कुणासाठी होती? गावासाठी, सोयऱ्याधायऱ्यांसाठी, आणि मुलगा झाला म्हणून. आजही मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हे आपण करतोच. म्हणजे साखर आनंद मिरवायला बाहेर जात होती. बाळंतिणीच्या खोलीत जाणारी चीज वेगळी होती: डिंक, सुंठ, ओवा, बाळंतशेप, अळीव, मेथी, खारीक-खोबरं, तूप. सगळं उष्ण, कडसर, तिखटसर. गूळ होता, पण अज्जीच्या शब्दांत बांधण्यापुरता.

या आमच्या भागात गोडाचं दुसरं नाव गूळच. कन्नडमध्ये बेल्ल. उसाचे फड तोडले की गुऱ्हाळं लागायची. चरकातून रस निघायचा, चुलवाणावरच्या मोठ्या काहिलीत तो उकळायचा, रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालून वर येणारी मळी काढायची, आणि गूळ वाफ्यात ओतून त्याच्या ढेपा पाडायच्या. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा मोठा व्यापार तिथं उभा राहिला. आमच्या गोकाकचा करदंट घ्या. डिंक, खोबरं, सुकामेवा आणि गूळ. नीट बघितलं तर बाळंतिणीच्या लाडवाचाच तो भाऊ. कन्नड घरांत डिंकाच्या लाडवाला 'अंटिन उंडी' म्हणतात. अंटु म्हणजे डिंक. नाव डिंकावरून आहे, साखरेवरून नाही.

पांढरी साखर बाजारात सहज मिळायला लागली ती इंग्रजी अमलात, आणि तीही बाहेरून आलेली. मॉरिशसहून यायची म्हणून तिला 'मोरस' म्हणायचे. गुजरातीत साखरेला अजूनही तो शब्द आहे. पुढं जावा बेटावरची साखर आली, स्वस्त आणि शुभ्र. पण आपल्या जुन्या बायका तिला शिवत नसत. परदेशी कारखान्यांत साखर पांढरी करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात, ही गोष्ट १९०५ च्या स्वदेशी चळवळीत घराघरांत पोचली. परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार होता. हाडांच्या कोळशाची गोष्ट खोटी नव्हती. साखर गाळायची ती एक सर्रास पद्धतच होती. अहिंसा पाळणाऱ्या घरात अशी साखर येणं शक्यच नव्हतं. माझ्या पणजीनं जन्मभर साखरेचा चहा घेतला नाही, असं आई सांगते. चहाच घेतला नाही म्हणा.

मग सगळं पालटलं ते १९३२ साली. बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. तोवर देशात आधुनिक साखर कारखाने होते तीसेक. पाच वर्षांच्या आत ते शंभराच्या पुढे गेले. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातले वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात माळरानावर वालचंदनगर उभं केलं, ते याच दिवसांत. आमच्याकडे कृष्णाकाठी उगारच्या कारखान्याची कंपनी १९३९ मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. बघता बघता कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, सगळ्या नद्यांकाठी धुराडी उभी राहिली. आपल्या कारखान्यांत साखर गंधकाच्या धुरीनं पांढरी करतात, हाडांचा तिथं संबंध नाही. म्हणजे जी साखर पणजीला निषिद्ध होती ती आता शुद्ध झाली, देशी झाली, आपल्या माणसांची झाली. शेअर आपल्या काकांचे, ऊस आपल्या मामांचा. नको म्हणायला कारणच उरलं नाही.

या साखरेच्या दुसऱ्या टोकाला एक बाळंतीण आहे, तिलाही विसरून चालत नाही. गळीत हंगाम आला की बीड-मराठवाड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. फडाच्या कडेला पालं पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खाडा झाला तरी उचल फिटत नाही. म्हणून अंगावर पिणारं मूल पालाच्या झोळीत ठेवून बाई पहाटे मोळ्या बांधते. खाडे टाळण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या किती बायकांनी गर्भाशयच काढून टाकले, याची बातमी झाली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या पोरीला सव्वा महिना अंथरुणावर गोड खाऊ घालताना ही साखर कुणाच्या सव्वा महिन्यातून आली, एवढं तरी मनात यावं.

आता माझ्या लहानपणाकडे येते. साखर देशात होती, पण मिळत नव्हती. रेशनकार्डावर माणशी मोजून मिळायची. महिन्याची साखर आली की दुकानापुढं रांग, हातात कार्ड आणि कापडी पिशवी. मी आठ-नऊ वर्षांची असताना तासन् तास त्या रांगेत उभी राहिलेली आहे. दिवाळीला थोडी जास्त सोडायचे. लग्न असलं तर मामलेदार कचेरीतून साखरेचा परवाना काढावा लागायचा. जी वस्तू रांगेत उभं राहून मिळते तिची किंमत मनात वाढते. पाहुण्याला गुळाचा चहा देणं म्हणजे गरिबी उघडी पडणं, आणि साखरेचा देणं म्हणजे मान. आईनं सांगितलं ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या जन्माच्या वेळी तिच्या माहेरून आलेल्या लाडवांत साखर होती. तिच्या आईनं चार महिने रेशनची साखर वाचवून ठेवली होती. चहा बिनसाखरेचा प्यायली, पण लेकीच्या लाडवात साखर घातली.

तो किलोभर साखरेचा लाडू असा आला. तो हावरटपणा नव्हता. जे दुर्मीळ ते लेकीला द्यावं, ही आईची माया होती. माया तशीच राहिली, पण साखर दुर्मीळ राहिली नाही. नियंत्रणं हळूहळू सैल होत गेली, दुकानात पोत्यांनी मिळायला लागली, आणि कारखान्यांना रेशनसाठी सरकारला द्यावी लागणारी लेव्हीची साखर तर २०१३ मध्ये बंदच झाली. आम्ही मात्र टंचाईच्या मापानं माया करत राहिलो. माझ्या बाळंतपणांत सकाळी शिरा, दुपारी लाडू, चार वाजता लाडू, चार वेळा तीन-तीन चमच्यांचा चहा, आणि रात्री दूध-साखर. नको म्हटलं की "दूध कसं येणार मग?" आज मी पंचावन्नची आहे आणि मधुमेहाची गोळी रोज सकाळी घेते. त्या लाडवांमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. आजार एका कारणानं येत नाही. पण तेव्हा लागलेली सवय मला पुढची वीस वर्षं सुटली नाही, एवढं खरं.

दुधाचं म्हणाल तर तेही मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. आईच्या दुधातला गोडवा तिचं शरीर स्वतः तयार करतं. आईनं साखर जास्त खाल्ली म्हणून दूध जास्त येत नाही. बाळ जितकं पाजावं तितकं दूध येतं. आईला पोटभर जेवण, पाणी आणि झोप हवी.

इंग्लंडातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावून गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जानेवारीत, तिथं साखरेवर रेशन आलं. माणशी आठवड्याला साधारण आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. युद्ध संपलं तरी रेशन चालूच होतं; ते उठलं १९५३ च्या सप्टेंबरात. उठल्याबरोबर साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. बाकीचं खाणं फारसं बदललं नाही. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी त्या काळातल्या बाळांचा, आता सत्तरीत असलेल्या माणसांचा, अभ्यास छापला. ज्यांचा गर्भातला काळ आणि जन्मानंतरची पहिली दोनेक वर्षं रेशनच्या दिवसांत गेली, त्यांना मोठेपणी मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचं सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळलं. ज्यांना मधुमेह झाला त्यांनाही तो सरासरी चार वर्षं उशिरा झाला.

त्या इंग्लिश आयांनी साखर सोडली नव्हती. त्यांना रोज मोजून चिमूटभर मिळत होती, आणि तेवढ्यानं भागत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेलं मापही जवळपास तेच आहे. वरची साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाकाठी २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आईच्या मापाचे दोन लाडू खाल्ले की तीस ग्रॅम होतात. चहा अजून घेतलेलाच नसतो.

इथं एक सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, मग सगळं गुळाचं करू. मीही तेच म्हणाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, रक्ताला दोन्ही सारखेच." गुळात थोडी खनिजं असतात, पण बाकी बहुतेक साखरच. अज्जीचा लाडू बरा होता तो गुळामुळं नव्हे, पावशेरामुळं. आणि अज्जी फार शहाणी होती म्हणूनही नव्हे. जास्त गूळ परवडत नव्हता म्हणून. त्या काळाचं मी कौतुक करत बसणार नाही. धुरानं भरलेली अंधारी खोली, पोटात गेलेली बाळं, बाळंतरोगानं गेलेल्या बायका, हेही त्याच काळात होतं. अज्जीची स्वतःची दोन मुलं गेली होती.

पण अज्जीच्या काळात एक गोष्ट होती, जी आता नाही. बाळंतिणीला स्वतःच्या हातानं काही करून खावं लागत नव्हतं. सासू, जाऊ, नणंद, माहेरची आई, न्हाऊ-माखू घालणारी बाई. वेळ झाली की गरम भाकरी, तूप, मुगाचं वरण, शेपूची भाजी पुढ्यात यायची. माझी लेक पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहते. माझ्याकडे दोन महिने राहून ती परत गेली तेव्हा तिथं ती, जावई आणि बाळ. पंधरा दिवसांनी मी गेले तर तिच्या पलंगाजवळ बिस्किटांचे तीन पुडे आणि "आईसाठी खास" म्हणून विकत मिळणाऱ्या पावडरीचा डबा. पावडरीच्या डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. साखरेचं नाव वरच्या दोन-तीन नावांतच होतं.

मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "आई, ओरडू नकोस. पहाटे तीनला बाळ अंगावर असतं, पोटात आग पडलेली असते, आणि एक हात मोकळा असतो. एका हातानं काय खाता येतं सांग ना."

त्या एका वाक्यात मला माझ्या सगळ्या शोधाचं उत्तर मिळालं. आपल्या व्रतांत रसपरित्याग आहे. आमच्याकडे अज्जी मंगळवारी गोड वर्ज्य करायची, आणि ते तिनं आपल्या खुशीनं घेतलेलं असायचं. पण ओली बाळंतीण ही व्रत घ्यायची अवस्था नव्हे. आमच्या घरात सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या बायकासुद्धा बाळंतिणीला ती सूट देत आल्या आहेत. थकलेल्या पोरीला "साखर सोड" म्हणून सांगणं सोपं असतं. ती साखर खाते ती हावेनं नाही. हाताशी दुसरं काही नसतं म्हणून. तिनं कमी खावी असं वाटत असेल तर दुसरं काहीतरी तिच्या हाताशी ठेवायचं काम आपलं आहे.

मी तीन आठवडे राहिले. जावयांना कामाला लावलं. तेही बिचारे करायला तयार होते, कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री झोपण्याआधी पलंगाजवळ एक ताटली: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, दोन बदाम, घरच्या बिनगोड दशम्या, एका हातानं खाता येतील अशा. फ्लास्कमध्ये कोमट दूध, नुसतं. अळिवाची खीर केली, त्यात एका खारकेची पूड, बस. चहातली साखर एकदम नाही तोडली. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत नेली. तिसऱ्या आठवड्यात तिचं तिलाच बाहेरचा चहा फार गोड लागला. आणि लाडू केले, अज्जीच्या मापाचे. फुटले. वाटीत चमचा घालून तिनं चुराच खाल्ला, दिवसाला एकाच लाडवाएवढा.

सण आला तेव्हा पुरणपोळी खाल्ली तिनं, मीच वाढली. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. ऊसच खाऊ नये असं कुठं म्हणतात?

बाराव्या आठवड्यातली तपासणी बरी आली. आता दरवर्षी करायची आहे. नातीला वरचं खाणं सुरू झालंय: नाचणीची पेज, मुगाचं पाणी, कुस्करलेलं केळं. दोन वर्षांपर्यंत तिला वरची साखर द्यायची नाही, असं ठरलंय. माझी आई आली होती परवा. पेजेची चव घेऊन म्हणाली, "अगं, पाणचट आहे गं! कशी खाते?" नात दोन्ही हातांनी वाटी ओढत होती. आई बघत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, "खाते की. तिला काय ठाऊक, यात साखर असते म्हणून."

जाताना तिनं तिची वही माझ्या हातात दिली. "तुझं पण माप लिही यात. पुढच्या पोरींना लागेल." मी शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं: खोबरं एक किलो, खारीक एक किलो, डिंक पाव किलो, गूळ दोनशे ग्रॅम. आणि खाली तारीख घातली. पुढं कुणाला शोध घ्यावासा वाटला तर तिला मापांवरून अंदाज करत बसायला नको.